शूज कुठले ते नंतर, आधी निघणार किती वाजता ते सांगा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की एप्रिलमध्ये आठवडाभर डोंगरात मुक्काम आहे, खाली दरीत बर्फ वितळलाय पण वर अजून भरपूर आहे, रस्त्यावर हाफ मॅरेथॉन आरामात होते, तर रोज सकाळी निवांत नाश्ता करून पंधरा-वीस किलोमीटरचा ट्रेल रन जमेल का, शूज कुठले घ्यायचे आणि मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे खिळे) लागतात का. शूजवर येतोच, पण मला यात सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर तो निवांत नाश्ता. वसंतातल्या बर्फात तुम्ही किती फिट आहात याला दुय्यम महत्त्व असतं, तुम्ही कुठल्या उतारावर किती वाजता आहात यावर सगळं ठरतं.

होतं काय, या दिवसात बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री परत गोठतो. रात्र निरभ्र असेल तर पहाटे वरचा थर इतका टणक होतो की पाय उमटत पण नाही, मग ऊन चढलं की वरचा एखादा इंच मऊ दाणेदार होतो, आणि पळायला खरी मजा असते ती या टप्प्यात, पायाला ग्रीप मिळते आणि पाय आत पण जात नाही. हा टप्पा फार तर तास-दोन तास टिकतो. त्यानंतर सगळं भुसभुशीत, आधी घोट्यापर्यंत, मग नडगीपर्यंत, मग थेट मांडीपर्यंत. म्हणजे एकाच वाटेवर तीन वेगळे रन आहेत आणि त्यातला एकच तुम्हाला हवाय.

उताराची दिशा पण बघावी लागते. उत्तर गोलार्धात पूर्वेचा उतार सगळ्यात आधी मऊ होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, उत्तरेकडचा दिवसभर दगडासारखा राहू शकतो. त्यामुळे "साडेनऊला निघालो तर चालेल का" याला एक उत्तर नाही. तुमची वाट पूर्वेच्या उतारावरून जात असेल तर साडेनऊला तिथून परत फिरायची वेळ झालेली असेल, आणि सावलीतल्या उत्तर उतारावर असेल तर कदाचित तिथे पळायलाच जाऊ नये.

रात्रीच्या ढगांकडे लोक लक्षच देत नाहीत. आकाश मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या एक-दोन डिग्री वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. उलट रात्रभर ढग असतील तर थर्मामीटर शून्याच्या आसपास दाखवत असला तरी बर्फ नीट गोठत नाही, सकाळी सहाला पण लगदाच असतो. झोपायच्या आधी आकाश बघा आणि पहाटे दाराबाहेरच्या बर्फात बुटाची टाच जोरात मारून बघा. टाच सहज आत गेली तर त्या दिवशी वर जायचं नाही, खाली दरीतल्या मोकळ्या वाटेवर पळा. मी तरी याबाबतीत स्वतःशी चर्चा करत बसत नाही.

आता पंधरा-वीस किलोमीटरचं. किलोमीटर विसरा, तास मोजा. उन्हाळ्यात ज्या वाटेवर तुम्ही तासाला सहा-सात किलोमीटर सहज काढाल तिथे भुसभुशीत बर्फात दोन-अडीच निघाले तरी खूप, आणि दमणूक दुप्पट. बर्फाची खपली, म्हणजे वरचा गोठलेला थर, वरून टणक दिसते, पाय टेकवला की अर्धा सेकंद वजन पेलते, तुम्ही पुढचा पाय उचलता आणि तेवढ्यात खालची बाजू मोडते, पाय गुडघ्यापर्यंत आत, आणि वर येताना त्या खपलीची कड नडगीवर काचेसारखी घासते. शॉर्ट्स घालून गेलेल्यांच्या नडग्या बघा संध्याकाळी, रक्ताच्या बारीक रेघांनी भरलेल्या असतात. नुसत्या रेघा असतील तर नशीब म्हणायचं, कारण पाय आत अडकलेला आणि शरीर पळायच्या वेगात पुढे, यात गुडघा पिळवटायला काही लागत नाही. म्हणून पाय आत जायला लागले की पळणं बंद, चालायचं, आणि सलग जात असतील तर परत.

मोठे दगड, झुडपं, झाडांचे बुंधे यांच्यापासून दोन पावलं लांबून जा. दगड उन्हाने तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ खालून वितळतो, वरून सपाट दिसतं पण आत पोकळी असते. दगड दिसला की त्यावर उडी मारायची सवय ट्रेल रनर्सना असतेच, ती इथे सोडायची.

घसरण्याबद्दल. स्पाइक्स आहेत म्हणजे घसरणार नाही असं लोक धरून चालतात. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे साखळीवर सेंटिमीटरभर खिळे असलेले, ते तुडवून कडक झालेल्या, फार चढ-उतार नसलेल्या वाटेसाठी मस्त आहेत आणि हो, तुम्ही नक्की घ्या, वजन काहीच नसतं. पण तिरक्या कडक उतारावर आडवं जायचं असेल तर ते पुरत नाहीत, आणि ओल्या बर्फात तर त्यांच्याखाली बर्फाचा गोळा जमतो आणि खिळे जमिनीला लागतच नाहीत, दर काही पावलांनी काठीने ठोकून पाडावा लागतो. क्रॅम्पॉन्स, म्हणजे गिर्यारोहकांचे लांब दात्यांचे स्पाइक्स, मऊ रनिंग शूजवर नीट बसत नाहीत आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरायचं शिकला नसाल तर ती पाठीवर मिरवण्यापुरतीच. मी एकच बघतो: इथे घसरलो तर थांबणार कुठे? खाली सपाट मऊ मैदान असेल तर ठीक, घसरलात तर हसत उठाल. खाली दगड, झाडं, ओढा किंवा कडा असेल तर तिथे पळायचं नाही, आणि सकाळचा टणक बर्फ असेल तर चालत पण जायचं नाही. टणक बर्फावर तीसेक अंशाच्या उतारावर माणूस पडला की काही सेकंदात असा वेग घेतो की हातापायांनी थांबवता येत नाही. आणि हो, उतरताना मजा म्हणून बसून घसरायचं असेल तर आधी स्पाइक्स काढा, खिळा रुतला की घोटा गेलाच.

हिमस्खलन हा स्कीइंगवाल्यांचा विषय आहे असं रनर्सना वाटतं. तसं नाहीये. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि तुमची वाट स्वतः सपाट असली तरी ती अशा उताराच्या पायथ्यातून जात असेल तर वरचं सगळं तुमच्यावरच येणार. वसंतात ओला बर्फ सरकतो, वेगाने कमी पण वजनाने भयंकर, थांबला की घट्ट बसतो. वरून छोटे छोटे बर्फाचे गोळे आपोआप गडगडत यायला लागले, किंवा पाय घोट्याच्या वर आत जायला लागले, की उताराखालून बाहेर पडा, फोटो नंतर. ज्या डोंगररांगेत जाताय तिथे हिमस्खलनाचं रोजचं बुलेटिन निघत असेल तर ते वाचल्याशिवाय बूट घालू नका. त्यात एक ते पाच असा धोक्याचा आकडा असतो, पण नुसता आकडा बघून सोडू नका, कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर, दुपारी धोका किती वाढणार हे खाली लिहिलेलं असतं, कामाचं तेच. बऱ्याच मॅप अ‍ॅपमध्ये उताराचा कोन रंगाने दाखवणारा लेयर असतो, तो लावून आपली वाट आदल्या रात्री बघा. गाडले गेलात तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा असते, आणि एकटा पळणाऱ्याला काढणार कोण? त्यामुळे या मोसमात वर एकट्याने जाऊ नका.

घड्याळातल्या जीपीएस ट्रॅकवर पण आंधळा विश्वास नको. तो ट्रॅक कोणीतरी ऑगस्टमध्ये रेकॉर्ड केलेला असतो, तेव्हा जी साधी पायवाट होती ती आता चाळीस अंशांच्या तिरक्या बर्फाखाली असू शकते. पावलांच्या ठशांचं तसंच, ठसे पहाटे गेलेल्या माणसाचे असतात, त्याच्याखालचा बर्फ तेव्हा टणक होता.

ओढ्यांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतोय कारण हा कोणी सांगत नाही. बर्फ वितळून येणारं पाणी पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर, संध्याकाळकडे सगळ्यात जास्त असतं. सकाळी तुम्ही दगडांवरून टणाटण उड्या मारत पलीकडे जाता, बूट पण ओला होत नाही, आणि दोनला परत येता तेव्हा तेच दगड गढूळ पाण्याखाली गेलेले असतात, तळातले धोंडे गडगडल्याचा आवाज येत असतो आणि पाणी मांडीला. आमच्या ग्रुपमध्ये जाताना प्रत्येक ओढ्याशी थांबून एक खुणेचा दगड ठरवतो, परतताना तो बुडाला असेल तर सरळ लांबच्या पुलाकडे वळतो, वाद नाही. त्यामुळे पूल कुठे आहेत हे आधीच बघून ठेवलेलं असतं. ओढ्यावर बर्फाचा पूल झालेला असेल तर तो पण तसाच, पहाटे पेलतो, दुपारी खालून पोखरलेला.

कपडे. वसंतात लोक थंडीने जास्त अडचणीत येतात, कारण सकाळी ऊन असतं आणि कोणी काही घेऊन निघत नाही. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण पळत होते, अचानक पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ जण गेले, त्यात लियांग जिंगसारखा चीनचा आघाडीचा अल्ट्रारनर, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पळणारा, होता. बरेच जण शॉर्ट्स आणि टी-शर्टवर होते, वाऱ्यापासून वाचवणारं जॅकेट सक्तीचं नव्हतं. सहा जणांना एका मेंढपाळाने गुहेत आसरा दिला म्हणून ते वाचले. आणि हे मे अखेरचं, बर्फाळ वाट पण नव्हती. फिटनेसने थंडी थांबत नाही, उलट जितके वेगात पळाल तितके घामाने भिजाल आणि थांबलात की तितक्याच वेगाने गार पडाल. हवा शून्य डिग्री असेल आणि वारा ताशी चाळीस किलोमीटर, तर उघड्या कातडीला उणे सातच्या आसपास वाटतं. शिवाय दर हजार मीटर चढलात की हवा साधारण साडेसहा डिग्रीने उतरते.

म्हणून पाठीवरच्या छोट्या बॅगेत या गोष्टी कितीही ऊन असलं तरी: टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट, एक उबदार थर कोरड्या पिशवीत, हातमोजे दोन जोड्या कारण एक भिजणारच, इमर्जन्सी ब्लँकेट, शिट्टी, हेडलॅम्प. अंगात कॉटन अजिबात नको. फोन आतल्या खिशात अंगाला लागून, थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडते. पाण्याच्या नळीतून प्यायलात की फुंकून पाणी मागे ढकला नाहीतर नळी गोठते. तहान लागली म्हणून बर्फ खात सुटू नका, किलोभर बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला शरीराचे शंभरावर किलोकॅलरी जातात आणि ते पण नेमके थंडी वाजत असताना.

डोळ्यांचं फार थोडक्यात सांगतो पण हलक्यात घेऊ नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंची हजार मीटरने वाढली की हे किरण दहाएक टक्क्यांनी वाढतात. ढगाळ असलं तरी गडद, कडेने बंद असलेला चष्मा लावा. त्रास लगेच होत नाही, सहा-बारा तासांनी रात्री सुरू होतो, डोळ्यात वाळू गेल्यासारखं, आणि मग पुढचे एक-दोन दिवस गेले. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखाली पण लावा, ऊन खालून येतं.

हां, आता शूज. खोल लग्सचे, म्हणजे तळाला पाच-सहा मिलिमीटरचे उंचवटे असलेले, मऊ रबरवाले ट्रेल शूज. वॉटरप्रूफ घ्यावेत का यावर रनर्स भांडत असतात, माझं मत नको असं आहे, कारण ओल्या बर्फात पाणी वरून घोट्यातून आत येतं आणि मग वॉटरप्रूफ बुटातून बाहेरच पडत नाही. साधी जाळी, आत लोकरीचे जाड मोजे किंवा वॉटरप्रूफ मोजे, वरून गेटर्स, म्हणजे बर्फ बुटात जाऊ नये म्हणून घोट्याभोवती लावायचं कव्हर. जाड मोज्यांसकट शूज घालून बघा, बोटं दाबली जात असतील तर रक्त पोचत नाही आणि कितीही महागडे मोजे असले तरी पाय गारठणार. पाय भिजणार हे धरूनच चाला, पळताय तोवर चालतं, थांबायच्या आधी कोरडे मोजे. काठ्या घ्या, त्यांना रुंद चकत्या लावा. उतरताना मऊ बर्फात गुडघे किंचित वाकवून टाच आधी, छोटी पावलं, मागे रेललात की बसलातच.

तुमच्या जागी मी काय करेन तर पहिले दोन दिवस वर जाणारच नाही, दरीत आणि झाडीतल्या वाटांवर पळेन, बर्फाची रेषा कुठे आहे, दुपारी पाणी किती चढतं, कुठला उतार किती वाजता मऊ होतो ते खालून बघेन. खालच्या वाटांवर चिखल असेल, तर चिखलातूनच मधोमध पळा, कडेने गेलात की वाट दरवर्षी रुंद होत जाते. तिसऱ्या दिवशी रात्र निरभ्र गेली असेल तर उजाडता निघून, दोन-तीन तासांचा रन, मागे फिरायची वेळ आधी ठरवून आणि मुक्कामी कोणाला तरी सांगून. ती वेळ झाली की समोर खिंड दोनशे मीटरवर दिसत असली तरी फिरायचं. डोंगराला आपलं कॅलेंडर माहीत नसतं, कोलोरॅडोतली हार्डरॉक १०० ही शर्यत जुलैमध्ये असते, तरी २०१९ मध्ये बर्फ आणि हिमस्खलनाने वाटेवर आणून टाकलेला झाडांचा मलबा यामुळे रद्द करावी लागली होती. आणि नाश्ता आल्यावर करा, तेव्हा दोन माणसांचा जातो.

मुक्काम किती मीटरवर आहे, वाट कुठल्या दिशेच्या उतारावरून जाते आणि सोबत कोणी आहे का, एवढं सांगा, म्हणजे पुढच्या दिवसांचं पण नीट बसवून देतो.