फ्लाइट सिम्युलेटरसाठी कॉम्प्युटर असेंबल करताना जास्तीत जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बारावीला आहे, त्याला पायलट व्हायचंय, फ्लाइट सिम्युलेटरसाठी घरी कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचाय. बजेट दीड लाख. दुकानदार म्हणतो निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, बाकी काहीही चालेल.

दुकानदार तुम्हाला फसवत नाहीये. त्याच्याकडे येणारी पोरं गोळीबाराचे खेळ खेळतात आणि त्यांच्यासाठी हा सल्ला बरोबरच आहे. सिम्युलेटरचं गणित मात्र वेगळं. इथे आधी प्रोसेसर, मग रॅम, मग हातात धरायचा जॉयस्टिक, आणि एवढं करून उरेल त्यात ग्राफिक्स कार्ड.

विमान हवेत असताना कॉम्प्युटरला काय काय करावं लागतं ते बघा. पंखांवर हवेचा जोर किती, वारा कुठून येतोय, इंधन किती जळलं, ऑटोपायलट काय करतोय, कॉकपिटमधल्या पाचसहा स्क्रीनवर काय दाखवायचं, आजूबाजूची विमानं कुठे आहेत, खालचा मुलूख कुठला. यातलं बरंचसं काम एकापाठोपाठ एक, प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे गणित करणाऱ्या एकाच भागावर चालतं. त्याला मेन थ्रेड म्हणतात. प्रोसेसरला सोळा कोअर असले तरी हा एक थ्रेड रखडला की सगळंच रखडतं, ग्राफिक्स कार्डसुद्धा. पंगतीत वाढपी कितीही चपळ असले तरी आत भात शिजल्याशिवाय ते वाढणार काय?

हा मेन थ्रेड सतत मेमरीत काहीतरी शोधत असतो, म्हणून एएमडी कंपनीच्या एक्स३डी प्रोसेसरना सिमवाल्यांमध्ये, म्हणजे सिम्युलेटर चालवणाऱ्यांमध्ये, एवढा मान आहे. एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला. त्याच्या आधीचा ५८००एक्ससुद्धा आठच कोअरचा, उलट वेगाने किंचित जास्तच. पण एक्स३डीवर कॅशचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीचा, जादा थर बसवलेला, ३२ एमबीच्या जागी ९६ एमबी. तेवढ्यावर तो सिममध्ये स्पष्ट पुढे गेला. सध्या घ्यायचा तर ७८००एक्स३डी घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ९८००एक्स३डी त्याहून वेगवान आहे, पण वरचा पैसा तुमच्या बजेटमध्ये दुसरीकडे जास्त उपयोगी पडेल.

दुकानदाराला पटत नसेल तर एक साधी परीक्षा आहे. एखाद्या गजबजलेल्या विमानतळावर, म्हणजे लंडनच्या हीथ्रोला, एअरबस ए३२० गेटवर उभी करा आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, मिळतात ते बघा. मग रिझोल्युशन निम्मं करा. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर धापा टाकतोय असं समजा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमची खिडकी उघडली तर तिथे सरळ लिहून येतं की मेन थ्रेडमुळे अडलंय की जीपीयूमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डामुळे. मोठ्या विमानतळांवर बहुतेक वेळा मेन थ्रेडचंच नाव दिसतं.

कंपनीने स्वतः सांगितलेले आकडेही बोलके आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी किमान १६ जीबी रॅम, शिफारस ३२ जीबीची, आणि उत्तम म्हणून ६४ जीबी. कार्डाची शिफारस मात्र आरटीएक्स २०८० ची, म्हणजे २०१८ सालचं कार्ड.

रॅम ३२ जीबीच घ्या, १६-१६ च्या दोन पट्ट्या. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ प्रकारच्या रॅमचा वेग खाली येतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव नुसते भडकलेत, त्यामुळे दुकानदार १६ वर भागवायला सांगेल. ऐकू नका, कात्री दुसरीकडे लावा. आणि मशीन घरी आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग किती दिसतो ते बघा. ६००० च्या पट्ट्या घेतल्या आणि तिथे ४८०० दिसतंय, तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय) चालू करायचं राहिलंय. असेंबल करणारे हे सर्रास विसरतात आणि गिऱ्हाईक वर्षभर पैसे मोजलेल्या वेगाशिवाय उडत राहतं.

ग्राफिक्स कार्डात वेगापेक्षा त्याची मेमरी बघा. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळतात, नाव तेच. सिमसाठी १६ चंच घ्या. कार्डाची मेमरी भरली की एकदम झटके सुरू होतात, आणि ते नेमके लँडिंगच्या वेळी, कारण जमिनीजवळ आल्यावरच सगळ्या इमारती आणि धावपट्टी बारकाईने लोड होत असते.

सेकंदाला शंभर फ्रेम हव्यात हे डोक्यातून काढा. विमानात मान गर्रकन फिरवून कोणाला टिपायचं नसतं. ३० फ्रेम एकसारख्या मिळाल्या तर उड्डाण छान वाटतं, आणि ५५ वरून २५ वर आपटणाऱ्या फ्रेमपेक्षा ते कितीतरी सुखाचं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० ला लॉक करा आणि मोकळे व्हा. डीएलएसएसने, म्हणजे कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करून दाखवायच्या तंत्राने, फ्रेम वाढतात, पण कॉकपिटच्या स्क्रीनवर सरकणारे आकडे मागे शेपटी सोडतात, उंचीचा आकडा वाचताना डोळे ताणावे लागतात. शिकणाऱ्या मुलासाठी तो आकडा स्वच्छ दिसणं महत्त्वाचं, म्हणून मी टीएए ही कडा गुळगुळीत करायची साधी पद्धतच ठेवतो.

आता कात्री कुठे लावायची. रंगीबेरंगी दिवे नकोत. पाण्याचा कूलर नको, ७८००एक्स३डी हवेच्या साध्या टॉवर कूलरवर विदर्भातल्या मे महिन्यातही निभावतो, फक्त कॅबिनेटला पुढून जाळी हवी आणि ती दर महिन्याला पुसायला हवी. मदरबोर्ड बी६५० चा साधा चालेल. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई पुरे. तरीही बजेटबाहेर जात असेल तर सध्या रायझन ५ ७६०० बसवा. सॉकेट तोच आहे, एएम५, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी त्याच बोर्डावर एक्स३डी बसेल. पण कार्डासाठी म्हणून जॉयस्टिकचे पैसे कापू नका.

जॉयस्टिकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलतच नाही. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तसला. त्यात धूळ आणि दमट हवा गेली की तो खरखरतो. कोकणात किंवा मुंबईत एखाद्या पावसाळ्यात हे होतं. हात स्थिर असतो आणि विमान मात्र नाक वर-खाली करत राहतं. हॉल इफेक्टच्या सेन्सरमध्ये चुंबक वापरतात, काही घासत नाही, म्हणून ते टिकतात. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एमच्या मुख्य दांडीला असे सेन्सर आहेत. त्याची मूठ पिळून रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी, चालतं, तो भाग मात्र पोटेन्शिओमीटरवरच आहे. सुरुवातीला तेवढं पुरतं, पायातले पेडल पुढच्या वर्षी घेता येतील.

याच जॉयस्टिकचा दुसरा फायदा म्हणजे तो डाव्या हातासाठीही जुळवता येतो. एअरबसमध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, साइडस्टिक, म्हणजे जॉयस्टिकसारखी दांडी, त्याच्या डाव्या हाताला आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, उजव्या हाताला. मुलाला एअरबस उडवायची असेल तर पहिल्या दिवसापासून डाव्या हाताने करू दे. सेसना १७२ या शिकाऊ छोट्या विमानाला खरं तर योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल, असतो, पण दोन्ही घेण्याइतकं बजेट नाही आणि गरजही नाही.

याहून मोठा फरक पाडणारी गोष्ट जवळजवळ फुकट आहे. ओपनट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरून डोकं कुठे वळलंय ते ओळखतं आणि कॉकपिटमधली नजर तशी वळवतं. मान थोडी डावीकडे केली की डावी खिडकी दिसते. याची गरज कुठे कळते? सेसना घेऊन विमानतळाभोवती चकरा मारताना. धावपट्टी डाव्या हाताला ठेवून उलट दिशेने जायचं, ती डाव्या पंखाच्या मागे ४५ अंशांत गेली की वळायचं. म्हणजे दर काही सेकंदांनी खांद्यावरून मागे बघायचं, परत समोर बघायचं, उंची सांभाळायची. जॉयस्टिकवरच्या बटणाने नजर फिरवत हे करताना माणूस रडकुंडीला येतो. मान वळवून केलं की तेच सहज जमतं. तीन मॉनिटर लावण्यापेक्षा मी आधी हे करून बघायला सांगेन.

वीज हा आपल्याकडचा खास विषय. असं मशीन सिम चालताना मॉनिटर धरून साडेतीनशे-चारशे वॅटच्या आसपास खातं. घराघरात असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, म्हणजे वीज गेल्या क्षणी तोही मान टाकतो. ११०० व्हीएचा घ्या. दोन तासांची फ्लाइट शेवटच्या पाच मैलांवर असताना वीज गेली की पोरगं जेवत नाही, हे लक्षात ठेवा. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, ६५० ते ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड, नावाजलेल्या कंपनीचा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा असेल तर तो तिथेच ठेवून या.

आणि अर्थिंग. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थची तार कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटला मागच्या बाजूला उघड्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर इलेक्ट्रिशियन बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या फार वर असेल तर दुरुस्ती आधी, कॉम्प्युटर नंतर.

इंटरनेटचं एकच सांगतो. २०२४ ची आवृत्ती जमिनीचं चित्र उडता उडता नेटवरून ओढत असते, कंपनी ५० एमबीपीएसची शिफारस करते. राऊटर दुसऱ्या खोलीत असेल तर लॅनची केबल टाका. नेटची बोंब असेल तर एक्स-प्लेन १२ हा दुसरा सिम्युलेटर बघा, त्याचा मुलूख डिस्कवर उतरवून ठेवता येतो आणि विमानाचं वागणंही सुरेख आहे. त्याचा डेमो फुकट मिळतो. फ्लाइटगिअर तर अख्खंच मोफत आहे. मी तर म्हणेन, घरात सध्या जो काही लॅपटॉप आहे त्यावर महिनाभर यातलं काहीतरी चालवू दे. हौस टिकते का ते कळेल.

पायलट होण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी राहवत नाही. व्यावसायिक लायसन्ससाठी डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, २०० तासांचं उड्डाण मागते आणि घरच्या सिममधला एकही तास त्यात धरला जात नाही. शिवाय सिमवर वाढलेली मुलं खऱ्या विमानात बाहेर क्षितिजाकडे बघायच्या ऐवजी मीटरकडे टक लावून बसतात, प्रशिक्षकांची ही नेहमीची तक्रार. चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, नकाशा वाचणं, धुक्यात फक्त उपकरणांवर उतरणं, हे मात्र घरी उत्तम शिकता येतं. आणि दीड लाख खर्च करायच्या आधी क्लास २ ची वैद्यकीय तपासणी उरकून घ्या. रंगांधळेपणासारखी गोष्ट असेल तर ती तिथेच कळते.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला करा, गावातल्या दुकानात करा किंवा ऑनलाइन करा, पक्कं जीएसटीचं बिल घ्या आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. बिलाशिवाय चार पैसे वाचतात पण वॉरंटीच्या वेळी कोणी ओळख देत नाही. कार्डाच्या ओळीत नुसतं ५०६० टीआय लिहिलं असेल तर पुढे १६ जीबी लिहायला लावा, आणि पैसे देण्याआधी खोक्यावरही तेच छापलंय ना ते बघा.