गोमुखातली बाटली, दुकानातली बाटली

प्रश्न : दिवाळीत महाबळेश्वरला गेलो होतो. मामंजींनी पंचगंगा देवळातल्या गोमुखाखाली दोन बाटल्या भरून घेतल्या. म्हणाले, "हे खरं मिनरल वॉटर. दुकानात मिळतं ते मशीनचं." बाटल्या अजून देव्हाऱ्याजवळ आहेत. नातवाला त्यातलं पाणी द्या म्हणतात, माझं मन धजत नाही. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मामंजींचं अर्धं बरोबर आहे, आणि ते दुकानाबद्दलचं अर्धं! बाटलीवरचं लेबल वाचा. आयएस (भारतीय मानक) 14543 असेल तर आत बोअरचं किंवा नळाचं पाणी, यंत्रातून शुद्ध करून भरलेलं. नैसर्गिक मिनरल वॉटरचा आकडा वेगळा, आयएस 13428. त्यातल्या मूळ क्षारांत फेरफार करता येत नाही. टपरीवर आपण दोन्हींना 'बिसलेरी'च म्हणतो, ते सोडा.

आता गोमुख. महाबळेश्वरचं पठार म्हणजे काळ्या बेसाल्टवर (लाव्हा थिजून झालेल्या दगडावर) बसलेली जांभ्याची टोपी. लाखो वर्षांच्या पावसानं जांभ्यातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका केव्हाच धुऊन नेलं. उरलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. त्यामुळे पाऊस या दगडातून उतरतो तो जवळजवळ कोराच. तिकडच्या एका झऱ्यात मी पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला होता, आकडा लिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या आसपास. फ्रान्समधलं एव्हियाँचं पाणी घ्या. आल्प्सच्या पायथ्याशी हिमनद्यांनी टाकलेल्या वाळूतून ते पंधराएक वर्षं झिरपत येतं आणि लिटरमागे 80 मिलिग्रॅम कॅल्शियम घेऊन बाहेर पडतं. म्हणजे मिनरल हवं असेल तर पाण्यानं दगडात मुक्काम करायला हवा. आपलं पाणी घाईचं.

तुमची काळजी मात्र या घाईपायीच रास्त आहे. जांभा सच्छिद्र, भेगाळ. पाणी त्यातून चटकन उतरतं आणि फारसं गाळलं जात नाही. वर शोषखड्डे असोत की गुरं, सगळं खाली येऊ शकतं. नोकरीत असताना जावळीत एका झऱ्यावर मी ओंजळीनं पाणी प्यालो होतो. इतकं नितळ की तळातला खडा न् खडा मोजावा. हौस म्हणून थोडं एच-टू-एसच्या, म्हणजे पाण्यातले जंतू तपासायच्या, कुपीत भरलं. सकाळी कुपी काळीकुट्ट, म्हणजे विष्ठेतल्या जंतूंची दाट शंका. चढून पाहिलं तर वरच्या सपाटीवर म्हशींचं डबकं! पोट दोन दिवस बोलत होतं.

गोमुखाचं पाणी तसंच असेल असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय ठरवता येत नाही, एवढंच. देव्हाऱ्याजवळच्या बाटल्या तुळशीला घाला. पुढच्या खेपेला मामंजींनी भरून आणलं तर खळखळून उकळा आणि गार करून लेकाला खुशाल द्या. मामंजींना त्याच पाण्याचा चहा करून द्या. क्षार कमी असल्यानं तवंग येत नाही आणि रंग सुरेख उतरतो.