एमडी५ 'तुटला' म्हणजे हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येतो का?

नाही. एमडी५ ही कुठल्याही मजकुरापासून ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढण्याची पद्धत. तिच्यात तुटलंय ते वेगळंच: एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली हल्लेखोर स्वतः तयार करू शकतो. हॅश १२८ बिटांचा, त्यामुळे अशी टक्कर आंधळेपणाने शोधायला साधारण २ चा ६४ वा घात इतके प्रयत्न लागायला हवेत (निम्मेच बिट, कारण कुठलीही जोडी जुळली तरी चालते). २००४ मध्ये चिनी गूढलेखनतज्ज्ञ वांग शिआओयुन यांच्या चमूने प्रत्यक्ष टक्कर दाखवली. आज ती साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होते. शा-१ या अशाच दुसऱ्या हॅश-पद्धतीची पाळी २०१७ मध्ये आली. डिजिटल सहीसाठी दोन्ही बाद.

दिलेल्या हॅशवरून मूळ मजकूर शोधणं मात्र एमडी५साठीही आवाक्याबाहेरच आहे. तरी पासवर्ड फुटतात, कारण हॅश कोणी उलटा करतच नाही: संभाव्य पासवर्डांची यादी घ्यायची, प्रत्येकाचा हॅश काढायचा, जुळवून पाहायचा. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ काढतं. नुसतं शा-२५६ या नव्या हॅशवर जाऊन फारसं साधत नाही, तोही वेगवानच. प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट (हॅश काढण्याआधी जोडायचा यादृच्छिक तुकडा) द्या आणि पासवर्डांसाठी मुद्दाम संथ ठेवलेली हॅश-पद्धत, आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट, वापरा. बीक्रिप्ट घेतलं तर एक लक्षात ठेवा: पासवर्डचे पहिले ७२ बाइटच ते मोजतं.