म्युनिकहून एका दिवसात, गाइड न घेता पायी फिरावं असं जुनं जर्मन शहर कोणतं?

सोबत आई-वडील आहेत आणि ग्रुपमागे धावायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग डोळे झाकून न्योर्डलिंगनला जा. डोनाउव्योर्थला गाडी बदलावी लागते. स्टेशनवरून चालत डाइनिंगर वेशीतून आत शिरलात की वाट विचारायचं कारणच नाही, कारण गावाचा तट गोल आणि अखंड आहे. सुमारे 2.7 किलोमीटर, पाच वेशी, वर जुन्या कौलांचं छप्पर. ऊन असो की पाऊस, तटावरून सगळ्या गावाला प्रदक्षिणा घालता येते, तीही फुकट.

वेशीतून उजव्या हाताने निघा. लोप्सिंगर वेस ओलांडली की खाली कातडी कमावणाऱ्यांची जुनी वस्ती लागते. एगर नदीकाठच्या त्या उंच घरांच्या माळ्यांवर कातडी वाळत घालत. इथे तटावरून उतरा, कारण रीस क्रेटर म्युझियम इथेच आहे. सोमवारी ते बंद असतं, तेव्हा दिवस जपून निवडा.

मी मेहकरचा, लहानपणापासून लोणार पाहत आलेला, म्हणून या म्युझियममध्ये माझा पाय निघेना. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला आणि जवळजवळ 25 किलोमीटर रुंदीचं विवर झालं. न्योर्डलिंगन त्या विवराच्या आत वसलंय. लोणारसारखंच यालाही लोक बराच काळ ज्वालामुखीचं समजत. 1960 मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. प्रचंड दाबाशिवाय ते तयार होत नाही, त्यामुळे वाद मिटला. पुढे 1970 मध्ये अपोलोचे अंतराळवीर चंद्रावरचे खडक ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते.

विवरातला तो दगड म्युझियममध्ये काचेआड पाहून समाधान मानू नका. गावाच्या मधोमध सेंट जॉर्ज चर्च आहे, 1427 ते 1505 या काळात बांधलेलं, आणि ते याच दगडाचं. भिंतीजवळ जाऊन हात लावा. करडा, खरखरीत, वाऱ्यापावसाने झिजलेला दगड, त्यात काचेचे काळपट तुकडे रुतलेले. अशनीच्या तापाने वितळलेला खडक हाताला लागतोय, हे कळल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा होतो. सूक्ष्म हिरेही त्यात आहेत, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

चर्चचा मनोरा, डॅनियल, 90 मीटर उंच आहे. पायऱ्या साडेतीनशे, लिफ्ट नाही. आई-बाबांना खाली चौकात कॉफी घेऊन द्या, पण तुम्ही चढाच. वरून गावाचं लाल कौलांचं वर्तुळ दिसतं आणि त्यापलीकडे क्षितिजावर विवराची कड.

वाइनमार्क्ट या चौकातलं मारिया होलचं कारंजं चुकवू नका. चेटकीण ठरवून या खाणावळवालीचा 62 वेळा छळ झाला, तरी तिने कबुली दिली नाही. 1594 मध्ये तिला सोडावं लागलं.

मुक्काम जमवता आला तर जरूर करा. रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासाने डॅनियलवरचा पहारेकरी अजूनही हाळी देतो, ‘सो ग्सेल सो’, म्हणजे ‘असं, गड्या, असं’.