बेसबॉलच्या मायनर लीगमधला (खालच्या पायऱ्यांवरचा) आउटफिल्डर (मैदानात लांब उभा राहणारा फिल्डर) मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या पायरीवर, कसा पोहोचतो? बॅट बेताची असेल तर जमतं का?

तुम्ही विचारलंय की भाचा न्यू जर्सीत हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये सेंटर फिल्ड (आउटफिल्डची मधली जागा) खेळतो, पळतो झकास, पण बॅटिंग बेताची आहे. तर मेजर लीगचा रस्ता त्याच्यासाठी आहे का आणि किती वर्षं लागतात.

आहे. ‘आधी बॅट बघतात, फिल्डिंग कोण बघतो’ असं ज्याने कुणी तुम्हाला सांगितलं असेल, त्याने मेजर लीग गाजवलेला सेंटर फिल्डर केव्हिन किअरमायर बघितलेला नाही. मी बघितलाय.

मी मॉरिसव्हिलला राहतो, नॉर्थ कॅरोलायनात. इथून डरहम बुल्सचं मैदान जवळ, आणि बुल्स म्हणजे टॅम्पा बे रेज या मेजर लीग टीमची ट्रिपल-ए टीम. मेजर लीगच्या एक पायरी खाली. ऑफिसातले आम्ही चार मराठी लोक उन्हाळ्यात तिथे जाऊन बसतो. बाकीचे तिघे लेफ्ट फिल्डच्या त्या 32 फुटी निळ्या भिंतीवरून चेंडू कधी जातो याची वाट बघतात. मी 2013 च्या शेवटी-शेवटी आणि 2014 च्या सुरुवातीला फक्त सेंटर फिल्डकडे बघत बसायचो. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात वर गेला की किअरमायर गुडघ्यात वाकायचा, टाचा उचललेल्या, आणि बॅटचा आवाज आमच्यापर्यंत येईस्तोवर तो निघालेला असायचा. एकदा राइट-सेंटरच्या मोकळ्या पट्ट्यात सणसणीत फटका गेला. शेजारचा मित्र ‘गेला, डबल!’ (दोन बेस मिळवून देणारा फटका) म्हणून उठून उभा राहिला. किअरमायरने एकदाच वर पाहिलं, मग चेंडूकडे न बघता मान खाली घालून सरळ धावत सुटला आणि जिथे चेंडू येणार होता तिथे जाऊन हात लांब केला. झेप घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही. ज्याला सुरुवात उशिरा जमते त्याला झेप घ्यावी लागते आणि टाळ्याही त्यालाच जास्त पडतात, हे मला कव्हर्सला उभं राहून राहून चांगलंच माहीत आहे.

आता त्याचा प्रवास बघा. इंडियानातल्या फोर्ट वेनचा मुलगा. नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत नाही, इलिनॉयमधल्या पार्कलँड या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात खेळला. 2010 च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) रेजनी त्याला 31 व्या फेरीत घेतलं, 941 वा. त्याच्याआधी 940 नावं पुकारून झाली होती! मग रेजच्या मायनर लीग टीम: प्रिन्सटन, बोलिंग ग्रीन, पोर्ट शार्लट, माँटगोमरी, डरहम, अशा एकेक पायऱ्या. आणि 30 सप्टेंबर 2013 ला, रेज आणि टेक्सास रेंजर्सची प्लेऑफसाठीची जादा मॅच होती, हरलेला घरी जाणार होता, त्या मॅचच्या नवव्या इनिंगमध्ये त्याला मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरवलं. बॅटिंगला नाही. फक्त फिल्डिंगला. रेजचा पिचर डेव्हिड प्राइसने पूर्ण मॅच टाकली, रेज 5-2 ने जिंकले.

माझा मोठा भाऊ पुण्यात आमच्याच क्लबकडून ओपनिंग करायचा. मी कव्हर्सला. टीमच्या यादीत माझं नाव बहुतेक वेळा बारावं असायचं. दादा म्हणायचा, ‘अरे, फिल्डिंगवर कुणी टीममध्ये घेत नसतं.’ मी एकनाथ सोलकर म्हणायचो, 27 कसोटींत 53 कॅच. तो म्हणायचा, सोलकर एकच असतो आणि तो बॅटिंग-बोलिंगही करायचा. यावर आमची जेवणाच्या ताटावर भांडणं झालीयेत, आईने दोघांना उठवलंय.

तर दादा, 2015 साली किअरमायरच्या फिल्डिंगने वाचवलेल्या धावांचा आकडा 42 होता. हे मोजायला लागल्यापासून तोवर इतक्या कुणीच वाचवल्या नव्हत्या. चार गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस) मिळाले. 2017 मध्ये रेजनी सहा वर्षांसाठी 5 कोटी 35 लाख डॉलरचा करार केला, तोही लहान बजेटची, पैसा जपून खर्च करणारी टीम असून. कारकिर्दीची बॅटिंग सरासरी .246, म्हणजे हजार ॲट-बॅट्समध्ये (बॅटिंगच्या संधींमध्ये) 246 यशस्वी फटके, बेताचीच. शेवटचा सीझन 2024, त्यात डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीजची (मेजर लीगच्या विजेतेपदाची) अंगठी.

वर्षांचं म्हणाल तर ड्राफ्टनंतर तीन-चार धरा, तेही सगळं नीट घडलं तर. बहुतेक मुलं वाटेतच थांबतात. यँकीजचा धडाकेबाज बॅटर ॲरन जज 2013 च्या पहिल्या फेरीतला, त्यालाही 2016 उजाडलं. पण फरक इथे आहे: जज आल्या-आल्या 84 ॲट-बॅट्समध्ये 42 वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) झाला, तरी टीमने त्याला धरून ठेवलं आणि पुढच्या वर्षी त्याने 52 होमरन (बेसबॉलमधले षटकार म्हणा) मारले. 31 व्या फेरीतल्या मुलाला इतकं कुणी सांभाळून घेत नाही. त्याच्याकडे एक गोष्ट अशी लागते की जी टीममध्ये दुसऱ्या कुणालाच जमत नाही.

हेही सांगायला हवं की किअरमायर बॅटिंगमध्ये अगदीच कच्चा नव्हता. माँटगोमरीत 2013 ला त्याची सरासरी .300 च्या वर होती. आणि आता 31 वी फेरीच राहिलेली नाही, 2021 पासून ड्राफ्ट 20 फेऱ्यांचा आहे. त्याच वर्षी प्रिन्सटनसारख्या बऱ्याच टीम मायनर लीगच्या साखळीतून काढून टाकल्या. म्हणजे भाच्यासारख्या मुलांसाठी दार आणखी अरुंद झालं, आणि हे मला बिलकूल पटलेलं नाही. पगार मात्र सुधारले: ट्रिपल-एचा किमान पगार 2023 च्या करारात वर्षाला 17,500 वरून 35,800 डॉलरवर गेला. त्यातही फारसं काही उरत नाही, तेव्हा आई-वडिलांनी निदान चार वर्षं पैशांची अपेक्षा ठेवू नये.

मोठ्या कॉलेजातून बोलावणं आलं नाही तर कम्युनिटी कॉलेजला नाक मुरडू नका. बॅटिंगचा कोच लावायचा तर जरूर लावा, पण त्यासाठी आउटफिल्डचा सराव कमी करू देऊ नका. आणि घरातलं कुणी ‘फिल्डिंगचं काय एवढं’ म्हणालं, तर त्याला उन्हाळ्यात माझ्याकडे पाठवा. तिकीट मी काढतो, सेंटर फिल्डच्या मागचं.