सामन्यांचे हक्क विकत घेणाऱ्या खात्यात जायचंय, तर वाट कोणती?

नमस्कार ताई,

तुमचं सांगलीहून आलेलं पत्र वाचलं. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्री जागून फुटबॉल बघतो, आणि कोणती स्पर्धा कोणत्या चॅनेलकडे कुठल्या सालापर्यंत आहे याची त्याने वही घातली आहे. त्याला ‘सामने विकत घेणाऱ्या’ खात्यात काम करायचंय. वडिलांचं म्हणणं, टीव्हीवर खेळाचं काम म्हणजे कॉमेंट्री, आणि ती माजी खेळाडूंनाच मिळते. तेवढ्यात मुंबईतल्या एका संस्थेचा वर्षभराचा स्पोर्ट्स मॅनेजमेंट डिप्लोमा समोर आलाय. फी साडेचार लाख, आणि त्यासाठी कर्ज काढायचं का, हा तुमचा खरा प्रश्न.

असं काम असतं. खुर्च्या फार थोड्या, पण असतात. आणि माझ्या पाहण्यात तिथे बसलेली माणसं वकिलीतून, हिशेबातून नाहीतर जाहिरात विक्रीतून आलेली आहेत. खेळाचं वेड त्या इमारतीत लिफ्टमनलाही असतं, त्याचे वेगळे गुण मिळत नाहीत.

आधी हे काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे अभ्यासाचं आपोआप कळेल.

स्पर्धेचे मालक म्हणजे आयसीसी, फिफा, बीसीसीआय किंवा इंग्लंडची प्रीमियर लीग. ते निविदा काढतात. नुसता निविदेचा कागद घ्यायलाही पैसे पडतात. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांसाठी तो २५ लाख रुपये अधिक कर असा होता, परत न मिळणारा. त्यात देश कोणते, टीव्ही की मोबाइल, किती वर्षं, हायलाइट्स किती मिनिटांच्या, जुनं चित्रण पुन्हा दाखवता येईल का, दुसऱ्याला पोटभाड्याने देता येईल का, असं कलमागून कलम असतं. मग कुणी बंद पाकिटात बोली मागवतं, कुणी ई-लिलाव करतं.

पाकिटाची गंमत मुलाला २०१७ च्या आयपीएलवरून समजावून घ्यायला सांगा. भारतातल्या टीव्हीसाठी सोनीने ११,०५० कोटी लावले होते, भारतातल्या डिजिटलसाठी फेसबुकने ३,९०० कोटी. या दोन्ही ठिकाणी स्टारची सुटी बोली खाली होती. पण नियम असा होता, की सगळे हक्क एकत्र मागणाऱ्याची बोली ही सगळ्या सुट्या सर्वोच्च बोल्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तर सगळं त्याचं. परदेशातल्या हक्कांच्या सुट्या बोल्या धरून बेरीज झाली सुमारे १५,८२० कोटी. स्टारचं एकत्रित पाकीट निघालं १६,३४७.५ कोटींचं. सव्वापाचशे कोटींच्या फरकाने पाच वर्षांची आयपीएल एकाच घरात गेली. ते पाकीट चिकटवण्याआधी कुणीतरी बसून इतर प्रत्येक जण काय मागेल याचा अंदाज बांधला असणार. तुमच्या मुलाला ज्या खुर्चीत बसायचंय ती ही. आणि तिथे ऑफसाइडचा नियम कुणी विचारत नाही.

२०२२ मध्ये बीसीसीआयने टीव्ही आणि डिजिटल वेगळे करून ई-लिलाव केला. एकूण आकडा ४८,३९० कोटींवर गेला. त्यातले भारतातल्या टीव्हीचे हक्क स्टारने प्रति सामना ५७.५ कोटींना घेतले, डिजिटलचे व्हायकॉम१८ ने ५० कोटींना. ४१० सामन्यांचा हा हिशेब. म्हणजे भारतात एक सामना दाखवायचा हक्कच एकशे साडेसात कोटींचा. स्टुडिओ, समालोचक, सॅटेलाइट यांचा खर्च वेगळा. हे पैसे निघतात कुठून? जाहिराती आणि वर्गणी, बस. व्हायकॉम१८ ने तर पहिल्याच हंगामात, २०२३ ला, आपल्या जिओसिनेमा ॲपवर सगळं फुकट दाखवलं. मुलाला एक काम द्या. एक टी-२० सामना लावून त्यातल्या जाहिरातींचे सेकंद मोजायचे आणि दहा सेकंदांना काय भाव मिळाला तर ५७.५ कोटी सुटतील ते काढायचं. हा गणिताचा कागद जर त्याला रात्रीच्या फुटबॉलइतका आवडला, तर पुढचं वाचा. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

फुटबॉलच्या वेडाला याच गणितात एक झटका बसतो. कतारच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला होता, घरोघरी जेवणाच्या वेळेला. २०२६ चा अंतिम सामना न्यू जर्सीत दुपारी तीनचा, म्हणजे आपल्या घड्याळात रात्री साडेबाराचा. खेळ तोच, चषक तोच, पण मध्यरात्रीच्या जाहिरातीला जेवणाच्या वेळेचा भाव कोण देईल? भारतात हक्कांची किंमत ठरवताना आधी घड्याळ बघतात आणि मग भारतीय संघ आहे का ते. खेळाचा दर्जा त्यानंतर.

आता कायदा. मी कायद्याकडे जास्त झुकतो, हे तुमच्या लक्षात येईलच. पण हा धंदा आपल्याकडे कोर्टाच्या निकालाने मोकळा झाला, हेही खरं. १९९३ च्या हिरो कपचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने दूरदर्शनऐवजी ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. पुढे २००७ मध्ये संसदेने कायदा केला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण, हक्क कुणाचेही असोत, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं, आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कधारकाला किमान ७५ टक्के आणि प्रसार भारतीला २५ टक्के असं वाटलं जातं. गावाकडे डीडी फ्री डिशवर भारताचा सामना पैसे न देता दिसतो तो यामुळे. मग प्रश्न आला, की दूरदर्शनला दिलेलं तेच चित्र खासगी केबलवाल्यांनी दाखवलं तर कोट्यवधी मोजणाऱ्याचं काय? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. अशा प्रत्येक वळणावर पगार वकिलाला मिळालाय.

करार पुढे बिघडतात तेव्हा तर फक्त वकीलच उरतात. स्टारने २०२४ ते २०२७ चे आयसीसीचे भारतातले हक्क घेतले आणि त्यातले पुरुषांच्या स्पर्धांचे टीव्ही हक्क झीला द्यायचं ठरवलं. २०२४ च्या सुरुवातीला तो व्यवहार फिसकटला आणि प्रकरण लवादाकडे गेलं.

धोकाही सांगायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र आले, जिओस्टार झालं. लिलावात एकमेकांना भिडणारे दोन मोठे गिऱ्हाईक एक झाले, म्हणजे तुमच्या मुलाला अर्ज करायचं एक मोठं दार कमी झालं. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आली आणि क्रिकेटवर पैसा ओतणारे जाहिरातदार एका फटक्यात गेले. त्यामुळे फक्त याच खात्यात चालेल असं शिक्षण घेऊ नये. पदवी अशी हवी, की हे दार बंद झालं तर दुसरं उघडता येईल.

म्हणून माझा सल्ला: बी.कॉम. नीट गुणांनी पूर्ण करू दे, आणि शेवटच्या वर्षात तीन वर्षांच्या एलएल.बी.साठीची राज्याची सीईटी द्यायची. पुण्या-मुंबईतलं चांगलं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळालं तर फी तुमच्या डिप्लोमाच्या जवळपासही जाणार नाही. करार कायदा आणि बौद्धिक संपदा हे दोन विषय मन लावून करायचे. सुट्टीत एखाद्या माध्यम कंपनीच्या विधी विभागात किंवा मनोरंजन क्षेत्रात काम करणाऱ्या वकिलाकडे इंटर्नशिप. कायदा नकोच वाटला तर सीए किंवा चांगल्या संस्थेतलं एमबीए, तेही फायनान्सचं. तिथून माणसं जाहिरात विक्रीत शिरतात आणि भाव कळू लागला की हक्क खरेदीकडे सरकतात. लहान कंपन्यांकडे दुर्लक्ष करू नये. फॅनकोडसारखी मुंबईतली कंपनी, मोठ्यांनी सोडलेल्या मालिका घेत घेत, २०२४ पासून भारतात फॉर्म्युला वन दाखवू लागली. अशा ठिकाणी एकाच माणसाला करार, वेळापत्रक, पायरसी सगळं बघावं लागतं, आणि शिकायला त्यासारखं नाही.

इंग्रजीबद्दल तुम्ही काळजी केलीय. बोलणं येतं हळूहळू. पण पन्नास पानी करार वाचून त्यात काय लपलंय ते कळायला हवं, त्याला पर्याय नाही. वर सांगितलेला १९९५ चा निकाल आणि २००७ चा कायदा इंटरनेटवर फुकट आहेत. महिनाभर घेऊ दे, पण वाचू दे.

वडिलांचंही अर्धं खरं आहे. २०२३ मध्ये जिओसिनेमावर मराठीतून आयपीएल आली तेव्हा माइकवर पुण्याचा केदार जाधव होता (आणि त्याच हंगामात बेंगळुरूच्या संघाने त्याला कॉमेंट्रीतून उठवून पुन्हा मैदानात उतरवलं!). पण त्या माइकमागे मराठी फीडचा निर्माता लागतो, आकडे पुरवणारा लागतो, पडद्यावरची अक्षरं तपासणारा लागतो. मोठ्या स्पर्धांत मैदानावरचं मूळ चित्रण एकच यंत्रणा करते, ऑलिम्पिकसाठी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २००१ मध्ये त्याकरता स्वतःची संस्था काढली, आणि हक्क घेणारे त्यावर आपला आवाज, स्टुडिओ आणि जाहिराती चढवतात. मुलाला या बाजूची ओढ असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट आणि टेलिव्हिजन संस्थेचे एक वर्षाचे टेलिव्हिजनचे अभ्यासक्रम बघा. मात्र हे काम बरंचसं दिवसाच्या बोलीवर चालतं. स्पर्धा संपली की घरी.

राहिलं कर्ज. त्या संस्थेला विचारा, मागच्या दोन तुकड्यांतले किती जण आज कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, पगारी की बिनपगारी आहेत. आणि त्यातल्या चारांशी फोनवर बोलायला मिळेल का. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांत स्टेडियमच्या दारावर पास तपासण्याचं महिनाभराचं कामही बसतं. उत्तर टाळलं तर विषय संपला. उत्तर चांगलं मिळालं, तरी मी म्हणेन, आत्ता नको. असा डिप्लोमा पदवी आणि दोन वर्षांच्या नोकरीनंतर, स्वतःच्या पगारातून केला तर उपयोगाचा. बँकेच्या अर्जावर अजून सही झाली नसेल तर करू नका, आणि या वर्षीच्या सीईटीचं वेळापत्रक त्याला आजच बघायला सांगा.