ठाण्याहून पाच जणांची मुंबई सहल, ७०० रुपयांत बसवता येते का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात राहता, मुलगा नऊचा, मुलगी चारची, सोबत आई, आणि महिन्यातून एका रविवारी ७०० रुपयांत पाच जणांनी कुठेतरी जाऊन यायचंय. बसतं. आम्ही डोंबिवलीकर, घरात माणसं तेवढीच, चार वर्षं हेच करतोय. पहिल्या वर्षी मात्र माझं गणित दर वेळी कोसळायचं, कारण मी घरून निघताना फक्त तिकिटांचे पैसे मोजायचो. खिसा हलका होतो तो दुपारी एकनंतर.

आमची भायखळ्याच्या राणीबागेची, म्हणजे प्राणिसंग्रहालयाची, पहिली फेरी सांगतो. डबा घेतला नव्हता, 'तिथे काहीतरी मिळेलच' म्हणून. एक वाजता सगळे भुकेले, मग समोर दिसलं त्या हॉटेलात पाच जणांचं जेवण. जेवून बाहेर आलो आणि मी ते महागडं वाक्य बोललो, 'एवढ्या लांब आलोच आहोत तर चौपाटीही करून घेऊ.' उन्हात धाकटी चालेना, टॅक्सी केली. चौपाटीवर भेळ, बर्फाचा गोळा, चमचमणारा फुगा. फुगा चर्नी रोडच्या जिन्यावर फुटला. ती रडत खांद्यावर झोपली आणि आईचे गुडघे पुढचे दोन दिवस बोलत होते. घरी हिशेब केला तर बागेच्या तिकिटांच्या दसपट पैसे गेले होते. तेव्हापासून घरात कायदा आहे: एका दिवशी एकच ठिकाण, फार तर त्याला भिंतीला भिंत लावून असलेलं दुसरं.

राणीबाग त्या कायद्यात चपखल बसते, तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. २०१७ पासून आई-वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुलं मिळून १०० रुपयांचं कुटुंबाचं तिकीट आहे. सुटी तिकिटं काढलीत तर जास्त पडतात, म्हणून खिडकीवर 'फॅमिली' असं स्पष्ट सांगा. आजींच्या तिकिटाचं तिथेच विचारून घ्या. लोकलचं भाडं दहा-पंधरा रुपयांच्या घरात, मुलाचं अर्धं, मुलगी पाचच्या आतली म्हणून तिचं नाहीच. भायखळ्याला पूर्वेकडे उतरलात की चालत पोचता, रिक्षा-टॅक्सीचा प्रश्न येत नाही.

दोन गोष्टी आधी बघायच्या. बाग बुधवारी बंद असते, पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी बंद. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका गुरुवारी कुलूप बघून परत आलोय. दुसरं, रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास लोकल बंद किंवा उशिरा. शनिवारच्या पेपरात बघून ठेवा आणि ब्लॉक लागायच्या आत भायखळा गाठा. एकदा परतीला ब्लॉकमध्ये अडकलो, दादरला पाऊण तास उभे. तेवढ्या वेळात मुलांनी तीन वेफर्सची पाकिटं आणि दोन फ्रुट्या संपवल्या. तोही सहलीचाच खर्च.

आत गेल्या गेल्या पेंग्विन उरकून घ्या, उशिरा फार रांग लागते. मुलांना घरीच सांगा की हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, बर्फातले नव्हेत. आमचा थोरला पूर्ण वेळ काचेमागे बर्फ शोधत होता आणि 'फसवलं' म्हणत बाहेर आला. धाकटीला पेंग्विन आठवतही नाहीत. ती पाणघोड्यापाशी थांबली ती थांबलीच. पाण्यावर नुसत्या दोन नाकपुड्या, बाकी काही नाही. आम्ही तिला ओढतोय, ती कठडा सोडत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी एकदाचा त्याने कान फडफडवला, थोडं पाणी उडालं, आणि ही किंचाळली, 'त्याने मला बघितलं!' त्या दिवशी वाघ राहिला. राहू दे. मुलं जिथे रमतील तिथे वेळ घालवू द्या, यादी पुरी करायला पळवलंत की ती कुरकुरतात आणि मग त्यांना गप्प करायला आइस्क्रीम घ्यावं लागतं.

आजींसाठी ही जागा उत्तम. बाग १८६२ सालची, झाडं तशीच जुनी, सावली दाट आणि बाकं भरपूर. माझी आई गोरखचिंचेचं ते अवाढव्य खोड बघून म्हणाली, 'तुम्ही या फिरून, मी इथेच बसते.' तासाभराने आलो तर शेजारच्या बाईंकडून सांडग्यांची कृती लिहून घेऊन बसली होती.

डबा म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, काकडी आणि पोळीचे लाडू. उन्हात टिकतात, हाताला रस्सा लागत नाही. स्टीलचा डबा आणि कापडी पिशवी न्या, प्लास्टिक टाळा. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घरून.

जेवणानंतर तासभर असेल तर शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिकीट किरकोळ, मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय, आत निरनिराळ्या व्यवसायांतल्या मुंबईकरांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, मुलांना त्या आवडतात. आवारातला दगडी हत्ती जरूर दाखवा. तो मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, तर उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग तुकडे जोडून तो मुंबईतच राहिला. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट पेंग्विनपेक्षा जास्त पटते, अनुभव आहे. हेही बुधवारी बंदच.

पुढच्या महिन्यांसाठी थोडक्यात. गावदेवीचं मणिभवन, तिथे गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांत मांडलेत. तिथून गिरगाव चौपाटी चालत, त्यामुळे कायदा मोडत नाही. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, हे मुलांना आत गेल्यावर सांगा, आधी नको. कान्हेरी लेणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, सोमवारी बंद. लेण्यांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण उद्यानाच्या गेटपासून लेणी बरीच आत आहेत आणि वर पायऱ्या, तेव्हा आजींना विचारूनच. पावसाळा संपता संपता जा, कातळात कोरलेली पाण्याची टाकी भरलेली दिसतात. तिथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय.

फुगेवाल्यांचं काय, असं विचाराल. आम्ही ट्रेनमध्ये बसल्यावर दोघांच्या हातात पन्नास-पन्नास रुपये ठेवतो. दिवसभरात काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, संपले की संपले. थोरला दर वेळी चाळीस परत आणतो आणि हिशेब लिहितो. धाकटी गेटवरच्या पहिल्या भिरभिऱ्यात सगळे उडवते, आणि वारा लागावा म्हणून परतीच्या गाडीत दाराशी जायचा हट्ट करते, तेवढं सांभाळा.

आणि शाळेची फी भरायच्या महिन्यात ७०० जमणार नाहीत. तेव्हा तलावपाळी. कोपिनेश्वराचं दर्शन, काठावर बसून शेंगदाणे. त्यातलं मी तुम्हा ठाणेकरांना काय सांगणार.